नरांची खोली वेगळी

ओंटारिओतल्या ज्या परवानाधारक हरितगृहात मी काम करते, तिथे गांजाच्या नर झाडांची खोली वेगळी आहे. तिथून बाहेर आलं की आंघोळ करून, कपडे बदलूनच मादी झाडांकडे जायचं. हा पराग वाऱ्यावर किलोमीटर-किलोमीटर जातो आणि बाहीला चिकटून आलेला चिमूटभरही फुलोरा बियांनी भरून टाकतो.

जालन्याकडे कपाशीचं क्रॉसिंग पाहिलं होतं. बायका एकेका कळीतले पुंकेसर नखानं काढायच्या. इथे नर-मादी झाडंच वेगळी, त्यामुळे ते कष्ट वाचतात. सगळा कस लागतो निवडीत.

आमच्या संकरात इंडिका अंगाचं एक झाड बहुधा असतंच: बुटकं, रुंद पानांचं, जवळजवळ पेरांचं. मूळ हिंदुकुशचं. तिथे थंडी लवकर पडते, म्हणून ते साधारण 8 आठवड्यांत फुलून तयार होतं. उष्ण प्रदेशातले उंच वाण 12-14 आठवडे घेतात. पैदासकारांना हिंदुकुशकडून मिळालेली सगळ्यात मोठी देणगी हा वाचलेला वेळ आहे, असं माझं मत आहे. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात मेक्सिको-कोलंबियाच्या वाणांत अफगाणी वाण मिसळून 'स्कंक नंबर वन' तयार झाला, तो याच जोरावर.

परागीभवनाच्या दिवशी पंखे बंद. वाळवलेला पराग पिठासारखा, फिकट पिवळा. मऊ कुंचल्यानं तो मादीच्या एकाच खालच्या फांदीला लावायचा आणि फांदीला चिठ्ठी बांधायची. काही वेळानं झाडावर पाणी फवारतो. भिजलेला पराग मरतो, बाकीच्या फांद्या वाचतात. एक-दोन दिवसांत पांढऱ्या कुक्षी तांबूस होऊन आक्रसतात. बी धरल्याची ती खूण.

खरी परीक्षा दुसऱ्या पिढीत. एकाच आईची लेकरं, पण एक गुडघ्याएवढं, एक दिव्यांना टेकलेलं. लवकर फुलणारी ठेवायची, पण फार गच्च फुलोऱ्याची नकोत. अफगाणिस्तानच्या कोरड्या हवेत गच्च फुलोरा निभतो. इथल्या दमट शरदात त्याच्या पोटात राखाडी बुरशी शिरते आणि बाहेरून दिसतही नाही. म्हणून मी फुलोरे मधोमध फोडून पाहते. नराचा कस तर त्याच्या लेकींतच कळतो.

पाकिटावरच्या 'इंडिका' शिक्क्यावर मात्र भिस्त ठेवू नये. कॅनडातल्या संशोधकांनी 2015 साली जनुकं तपासली, तेव्हा शिक्का आणि वंशावळ यांचा मेळ पुष्कळ ठिकाणी लागला नाही.

काळजी गावरान बियाण्याची वाटते. मोरोक्कोच्या रिफ डोंगरात कमी पाण्यावर येणारा 'बेल्दिया' संकरित वाणांपुढे मागे पडला. हिंदुकुशच्या वाणांचं तसं होऊ नये, म्हणून एक खोली फक्त त्यांच्यासाठी राखा, असा माझा आग्रह आहे. दोन-चार झाडांवर भागणार नाही. पुष्कळ नर आणि पुष्कळ माद्या एकत्र वाढवून बी धरलं, तरच त्या वाणातली विविधता पुढच्या पिढीत उतरते.