वसत्या नगरीचे भग्नावशेष

इ.स. 79 मध्ये व्हेसूव्हिअसच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरीचे नाव शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेले असते. परंतु ती नगरी वाटाड्याच्या मागून चालत एका दिवसात पाहता यावी अशी व्यवस्था ज्याने लावून दिली, त्या ज्युझेप्पे फिओरेल्ली या गृहस्थाचे स्मरण फारसे कोणी करीत नाही. उत्खननास प्रारंभ 1748 सालीच झाला होता, पण पहिली शंभर वर्षे तो बहुधा राजेरजवाड्यांच्या दालनांसाठी पुतळे आणि भित्तिचित्रे उपसून नेण्याचा उद्योग होता. 1863 मध्ये कारभार हाती येताच फिओरेल्लीने सबंध शहराचे नऊ विभाग पाडले, विभागांतील घरांच्या गटांना क्रमांक दिले, गटातील दारादारास क्रमांक दिला आणि प्रवेशास तिकीट लावले. राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतून त्याने मृतांच्या आकृती पुन्हा उभ्या केल्या, म्हणून त्याची कीर्ती झाली खरी. तथापि माझ्या मते त्याचे थोर कार्य हे क्रमांकांचेच, कारण एखाद्या मुलखाची पैमाईश होऊन सर्व्हे नंबर पडल्यावाचून जसा त्याचा महसूल ठरत नाही, तशी दारादाराची नोंद झाल्यावाचून भग्न नगरीची फेरी ठरत नाही. सुमारे 66 हेक्टरांच्या त्या शहरापैकी दोन तृतीयांश भाग आज उघडा आहे, आणि रस्ता ओलांडण्यासाठी मधोमध मांडलेले उंच दगड, त्यांच्या दोहो बाजूंस गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या, रोटी भाजणाऱ्याची भट्टी आणि तिच्याशेजारचे जाते, हे सारे वाटाड्या क्रमाने दाखवीत जातो. तेथे कोणी राहत नाही. म्हणूनच सगळे दाखविता येते.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरी या गावाहून निघणाऱ्या माणसास अशी फेरी करावयाची झाल्यास पाँपेईचा विचार व्यर्थ होय, परंतु पवनी त्याच्या आटोक्यात आहे. केशोरीची प्रसिद्धी तिच्या लाल मिरचीकरिता. सभोवती धानाच्या बांध्या, त्यांस पाणी पुरविणाऱ्या बोड्या, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आणि त्यापलीकडे गडचिरोलीकडे पसरत गेलेले अरण्य. पाण्याचा बंदोबस्त हा या झाडीपट्टीचा जुना धर्म आहे, आणि नवेगावचा बांध ज्यांनी बांधला त्या कोहळी लोकांनी तो विशेष निष्ठेने पाळला. मातीच्या पाळीकडे पाहून ती निसर्गाची की माणसाच्या हातची हे येथील शेतकरी तत्काळ सांगतो. हे ज्ञान पुढे पवनीत उपयोगी पडते. वाटेवरील प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तेथे विहार आहे, पताका आहेत. दोन सहस्र वर्षांपूर्वीचे स्तूप पाहावयास निघालेल्या मंडळीस जिवंत बौद्ध उपासनेचे दर्शन अशा रीतीने आधीच घडते. मग अर्जुनी, लाखांदूर, आणि पुढे भंडारा जिल्ह्यातील पवनी. हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर निघावे हे उत्तम, कारण पावसाळ्यात येथील टेकड्या गवताने झाकून जातात आणि गवताखाली काय आहे हे सांगण्यात वाटाड्याचा अर्धा दिवस खर्ची पडतो.

पवनी हे वैनगंगेच्या तीरावरील गाव. एका बाजूस नदी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंस प्रचंड मातीचा तट व त्याबाहेर खंदक, अशी त्याची प्राचीन रचना असून, तटावर उत्तरकाळी चढविलेल्या दगडी बांधकामामुळे नवखा माणूस तो सगळाच मध्ययुगीन किल्ला समजून मोकळा होतो. येथे वाटाड्याचे पहिले काम असते ते हा गैरसमज दूर करण्याचे, आणि ते तो फार सोप्या उपायाने करतो: तो मंडळीस दरवाजापाशी थांबू देत नाही, खंदकाच्या कडेने चालवितो. दगड संपतो तेथे माती उरते, आणि ती माती इतकी रुंद पसरलेली असते की बोडीची पाळ पाहत लहानाचे मोठे झालेल्या केशोरीकडच्या माणसाच्या मुखातून आपसूक उद्गार निघतो की हे एका हंगामाचे काम नव्हे.

वाटाड्या या शब्दाने येथे सरकारी परवानाधारक मनुष्य डोळ्यांपुढे आणू नये. आम्हांस लाभलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक होते, त्यांस सारे गाव गुरुजी म्हणे, आणि त्यांच्या मागून चालताना ज्या घराच्या परसातून जावयाचे त्या घराच्या मालकिणीस आधी हाक घालावी लागे. पाँपेईचा वाटाड्या मृतांच्या घरांतून बेधडक शिरतो. पवनीच्या वाटाड्यास प्रत्येक पायरीवर जिवंतांची अनुज्ञा मागावी लागते. कारण ही नगरी एका दिवशी मेली नाही. मौर्यांच्या पूर्वीपासून ती वसत आली, सातवाहनांच्या अमदानीत ती नांदली, वाकाटकांचा काळ तिने पाहिला, गोंड आणि भोसले आले नि गेले, आणि आज तेथे तालुक्याची कचेरी आहे. जुन्या घराच्या माथ्यावर नवे घर, त्याच्या माथ्यावर आणखी नवे, अशा थरांची ही वस्ती असल्यामुळे तिच्या पोटात जे आहे त्याचा अल्पांशच उजेडात येऊ शकला.

तो अल्पांशही सामान्य नव्हे. 1969-70 च्या हंगामात नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे सूत्रधार, आणि त्यांचा वृत्तांत 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1994 मध्ये अमरेन्द्र नाथ यांनी पुन्हा कुदळ घातली. गावाबाहेरच्या ज्या टेकड्यांस लोक जगन्नाथ टेकडी, सुलेमान टेकडी, हरदोलाला टेकडी अशा नावांनी ओळखत आले होते, त्या टेकड्या नसून स्तूप आहेत हे या परिश्रमांनी निश्चित झाले. एकीस जगन्नाथाचे, दुसरीस सुलेमानाचे नाव; ज्यांनी ती नावे दिली त्यांना आपण एकाच बुद्धाच्या वास्तूंचे बारसे करीत आहोत याची कल्पना नव्हती, आणि नावे मात्र अजून तीच चालतात. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा व्यास सांचीच्या महास्तूपाहूनही, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरांहूनही, किंचित अधिक आहे. आज तेथे उभे राहिल्यास दिसते ते विटांचे वर्तुळ आणि मातीचा उंचवटा एवढेच, आणि सांचीची तोरणे मनात घेऊन आलेला प्रवासी या ठिकाणी हमखास हिरमुसतो.

हिरमोड होतो तेथेच वाटाड्याची परीक्षा असते. गुरुजींनी वर्णन केले नाही. ते खाली बसले आणि वीट दाखविली. "आताच्या दोन इटा जोडून मांडल्या तरी याची एक होत नायी जी," एवढे म्हणून त्यांनी एका मुलास आपला हात विटेलगत धरावयास लावला. वीट जवळजवळ हातभर होती. मग त्यांनी विचारले की अशा किती विटा लागल्या असतील, त्या भाजावयास लाकूड कोठून आले असेल, आणि त्याचा खर्च कोणी सोसला असेल. अखेरच्या प्रश्नाचे उत्तर शिळेवर आहे. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली सापडली. ज्यांनी एक खांब दिला त्यांनी एका खांबावर नाव घातले, आणि अशा असंख्य लहान वर्गण्यांतून ते भव्य कार्य सिद्धीस गेले. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरण्याची आपली रीत किती पुरातन आहे हे यावरून ध्यानी यावे. याच कठड्याच्या शिल्पांत मुचलिंद नागाची प्रतिमा मिळाली. बोधिप्राप्तीनंतर वादळी पर्जन्यात बुद्धावर फणा धरणारा हा नागराजा येथे नावानिशी कोरलेला आहे. बुद्धाची मूर्ती घडविण्याचा प्रघात पडण्यापूर्वीचे हे शिल्प असल्यामुळे ज्याच्यावर छाया धरावयाची तो स्वतः मात्र चित्रात नाही.

पवनीच्या फेरीतील एक अडचण येथे नमूद करणे अवश्य आहे. पवनीचे जे उत्तम ते पवनीत नाही. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे स्मारकाचा खांब, येथे सापडला, आणि पश्चिमेकडील क्षत्रपांचा हात वैनगंगेपर्यंत पोचला होता की काय या प्रश्नाचा ऊहापोह महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या पंडितांनी त्याच एका स्तंभावरून केला. भार वंशाच्या भगदत्त राजाचा पादुका कोरलेला शिलालेखही इथलाच. परंतु तो स्तंभ पाहावयाचा तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या अजब बंगल्यात, गेले पाहिजे. त्याच संग्रहालयातील, चंद्रपूर जिल्ह्यातून आलेल्या देवटेकच्या शिळेची कथा तर अधिक मनोरंजक आहे: प्राण्यांस पकडू अगर मारू नये असा मौर्यकालीन हुकूम जिच्यावर खोदलेला होता, त्याच शिळेवर काही शतकांनंतर वाकाटक रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा लेख कोरला गेला. जुन्या सनदेच्या पाठीवर नवा तपशील लिहिणारे दफ्तरदार आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले. दगडावर तसे करणारा हा विरळा. शिळा सुरक्षित राहिली हे योग्यच झाले, याविषयी वाद नाही. तरीही स्तंभ जेथे उभा होता त्या जागी त्याची साधी प्रतिकृती का नसावी, हा प्रश्न प्रत्येक फेरीत कोणीतरी विचारतेच, आणि गुरुजींपाशी त्याचे उत्तर नसते.

दुपारची शिदोरी सुटली की रोमचा विषय हटकून निघतो. विदर्भाचा आणि रोमचा संबंध काय, असे एखाद्या चौकस मुलाने विचारताच वाटाड्यास स्फुरण चढते आणि येथे त्यास थोडे आवरावे लागते. तथ्य इतके आहे की 1938 मध्ये पाँपेईच्याच एका घरात, आबोंदान्झा नावाच्या हमरस्त्यालगत, आमेदेओ मायुरी यांना सुमारे वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अलंकारांनी मढलेली ती आकृती उघडउघड भारतीय असून आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे; प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे ती यक्षी असावी असे मत पुढे आले, आणि तिच्याशी नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात, तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या. तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ते वसले आहे अशी नोंद एका ग्रीक नावाड्याच्या 'पेरिप्लस' या टिपणात आहे. नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यात आदम येथे तटबंदीच्या नगरीचे उत्खनन झाले, तेथेही रोमन नाण्यांच्या धर्तीचे मातीचे ठसे मिळाले. म्हणजे राखेखाली गेलेल्या त्या शहरात, ते गाडले जाण्यापूर्वी, भारतीय कारागिराची एक कृती कोणाच्या तरी घरात उभी होती. याउपर वैनगंगेत रोमन जहाजे आली असे गुरुजी सुचवू लागतात, तेव्हा मंडळींनी हसून विषय बदलावा हे उत्तम.

उन्हे कलल्यावर फेरी नदीकडे वळते. पवनीचे घाट आणि देवालये इतकी आहेत की गावास विदर्भाची काशी म्हणतात, आणि येथील पंचानन गणेश विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जातो. एकाच पाषाणावर पाच मुखे, आणि चौफेर प्रदक्षिणा घालता यावी अशी त्याची स्थापना. घाटांवरून दिसणाऱ्या पात्राच्या वरच्या अंगास गोसीखुर्दचे धरण आहे. 1988 साली त्याची पायाभरणी झाली आणि त्याच्या जलाशयाखाली अनेक गावे गेली. बुडालेल्या गावांतून आलेले लोक पवनीच्या आसमंतात वसले आहेत. एका काळच्या उद्ध्वस्त वस्तीचे अवशेष पाहावयास आलेल्या माणसास दुसऱ्या काळची उद्ध्वस्त वस्ती तिच्या बोलत्या साक्षीदारांसह भेटते, आणि त्यांपैकी कोणी सांगू लागला तर गुरुजी स्वतः गप्प राहतात. वाटाड्याचा हा गुण मला त्यांच्या विद्वत्तेहून अधिक मोलाचा वाटला.

राहता राहिला पवनराजा. तट कोणी बांधला, असे गावात विचाराल तर देव-जोशींच्या वृत्तांतातील थर कोणी सांगणार नाही; पवनराजाने, असेच उत्तर मिळेल. वर्ध्याकडील पवनार गावाशीही या राजाचे नाव जोडलेले आहे, आणि त्याची आख्यायिका अशी की त्याजपाशी परीस होता, म्हणून तो रयतेकडून सारा पैशांत न घेता नांगराच्या लोखंडी फाळांत घेई आणि फाळांचे सोने करून खजिन्यात भरी. शेतकऱ्यास न परवडणारा पैसा न मागता त्याच्या घरी झिजून पडलेले लोखंड मागणारा राजा लोकांनी कल्पनेत तरी निर्माण केला, हे महसुलाच्या इतिहासात नोंदले जावे असे मला वाटते. केशोरीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ही कथा ऐकून विचारले, "मंग गुरुजी, फाळ दिल्यावर त्यायनं नांगरलं कायनं?" गुरुजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, आणि त्या म्हाताऱ्याचा प्रश्न आपल्या वहीत टिपून घेतला.