पूर्ववर्धकाची निवड

मायक्रोफोनातून निघणारा विद्युत्संकेत अत्यंत क्षीण असतो. चल-कुंडल मायक्रोफोनात तो पुष्कळदा १ मिलिव्होल्टच्या आसपासच असतो. त्याचे १ व्होल्टपर्यंत वर्धन करावयाचे म्हणजे तो १००० पट, अर्थात ६० डेसिबेलने, वाढवावा लागतो. हे कार्य पूर्ववर्धक करतो. परंतु त्याच्या प्रवेशस्थानी उत्पन्न होणारी खरखरही तितकीच वाढते. मूळ नादाला धक्का न लावता ती पुढे पूर्णपणे काढता येत नाही.

वाराणसीचे बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी मैफलीत प्रतिष्ठेला नेलेल्या सनईचा नाद मोठा. तिला अल्प वर्धन पुरते, मात्र संकेताचे शेंडे छाटले जाता कामा नयेत. तंबोऱ्याचा नाद मृदू. त्याला अधिक वर्धन लागते व तेथेच खरखर उघडी पडते. म्हणून घरगुती ध्वनिमुद्रणासाठी पूर्ववर्धक घेताना तो मंद नादावरच पारखावा.