मँगनीजच्या शेजारी कोण?

एप्रिल २०२५मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटारींसाठी चुंबक आणायचे कुठून, ही चिंता आपल्याकडच्या कारखान्यांनाही लागली. तेव्हापासून ‘अमुक धातूऐवजी तमुक धातू’ अशा बातम्यांना तोटा नाही. त्या वाचताना मला एकच विचारावंसं वाटतं: त्या नव्या मिश्रधातूत अणू बसलेत कसे? कारण मिश्रधातूत काय घातलं याइतकंच ते कुठे जाऊन बसलं, यावर चुंबकत्व ठरतं.

जर्मनीतल्या डिलेनबुर्गच्या फ्रिड्रिश हॉइस्लर यांनी १९०३मध्ये तांबं, मँगनीज आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा मिश्रधातू जाहीर केला. या तिघांपैकी एकही साध्या लोहचुंबकाला चिकटत नाही. मिश्रधातू मात्र चिकटतो! ना लोखंड, ना निकेल, ना कोबाल्ट. त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. हा धातू लालभडक तापवून, लोहार पोलादाला देतो तसं पाणी दिलं, तर चुंबकत्व जोरदार असतं. तोच सावकाश थंड होऊ दिला, तर ते मावळतं. घटक तेच, प्रमाणही तेच.

याचा उलगडा व्हायला तीसेक वर्षं लागली. मँचेस्टरमध्ये लॉरेन्स ब्रॅग यांच्याबरोबर काम करणारे ए. जे. ब्रॅडली यांनी जे. डब्ल्यू. रॉजर्स यांच्यासोबत १९३४मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने या धातूतल्या अणूंची रचना मांडली. ब्रॅग यांचा नियम आपण शिकतो. ब्रॅडलींचं नाव पाठ्यपुस्तकात कुठेच नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते. अडचण अशी होती, की तांब्यात २९ इलेक्ट्रॉन आणि मँगनीजमध्ये २५, त्यामुळे क्ष-किरणांना दोन्ही अणू जवळपास सारखेच दिसतात. पण प्रत्येक मूलद्रव्याची एक ठरावीक तरंगलांबी असते, जिच्या आसपास त्याचे अणू किरण नेहमीपेक्षा कमी विखुरतात. ब्रॅडली-रॉजर्स यांनी वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण वापरून दोघांतला फरक उघड केला. किती देखणी युक्ती! ब्रॅडलींनी पुढे लोखंड-निकेल-अ‍ॅल्युमिनियमच्या चुंबकी मिश्रधातूंवरही असंच काम केलं.

हॉइस्लरच्या धातूत त्यांना दिसलं ते असं. घनाकृती जाळीत तांब्याचे अणू आपल्या जागी, मँगनीज आणि अ‍ॅल्युमिनियम उरलेल्या जागी आळीपाळीने. त्यामुळे मँगनीजचे दोन अणू सुमारे ०.४२ नॅनोमीटर अंतरावर राहतात, आणि या धातूचं जवळपास सगळं चुंबकत्व मँगनीजचंच आहे. लेझीम पथकात दोन गड्यांमध्ये पुरेसं अंतर असलं की सगळ्यांचे हात एकाच बाजूला झुलतात, दाटी झाली की एकमेकांना अडतात. इथेही मँगनीजचा अणू चुकून अ‍ॅल्युमिनियमच्या जागी बसला, तर त्याचा मँगनीज शेजारी ०.३ नॅनोमीटरवर येतो आणि दोघांची चुंबकीय दिशा एकमेकांविरुद्ध होते. पाणी दिल्याने नीटनेटकी रचना जागच्या जागी गोठते. सावकाश थंड होताना मात्र मिश्रधातू फुटून वेगवेगळ्या रचनांच्या कणांत विभागला जातो.

म्हणून संगणकाने सुचवलेल्या नव्या चुंबकांच्या याद्यांवर मी लगेच विश्वास ठेवत नाही. गणितात प्रत्येक अणू शिस्तीत बसलेला असतो. भट्टीत तो तसा बसवणं हेच खरं काम. शिवाय हॉइस्लरचा धातू स्वतः मोटारीच्या उपयोगाचा नाही. त्याची जाळी तिन्ही दिशांना सारखीच, त्यामुळे चुंबकत्वाला एका दिशेत घट्ट धरून ठेवणारं काही नाही.

पण त्याची शिस्त आपल्या तुर्भ्याला कामी आली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीच्या न्यूट्रॉन झोतात या मिश्रधातूचा स्फटिक बसवला आहे. विशिष्ट कोनात धरला की तो एकाच चुंबकीय दिशेचे न्यूट्रॉन परावर्तित करतो आणि उलट दिशेचे जवळजवळ सगळे सोडून देतो. निवडलेल्या त्या न्यूट्रॉननी मग इतर पदार्थांतलं चुंबकत्व तपासलं जातं.