बीडवरून जाणारी रेघ

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारी गणकयंत्रं आता फोनमध्येच असतात. हा नाद मला जुना. त्यात एकदा इंदूर आणि सोलापूर टाकलं. सरळ अंतर सुमारे 565 किलोमीटर. थेट विमान सुरू झालं तर एटीआर तासा-सव्वातासात पोचवील. मुंबई-लंडनसारखा जाताना एक वेळ आणि येताना दुसरा, हा प्रकार इथे फारसा नाही. वरच्या थरातले पश्चिमी वारे पूर्व-पश्चिम प्रवासात मदत किंवा अडथळा करतात. ही वाट दक्षिणोत्तर. नकाशावर रेघ ओढली, तर ती बीड शहराच्या पूर्वेला जेमतेम पंधरा किलोमीटरवरून गेली.

मग इंदूरजवळचं उज्जैन तपासलं. उज्जैनचे रेखांश 75.77 अंश, बीडचे 75.76. म्हणजे लंकेहून उज्जैन, कुरुक्षेत्र गाठत मेरूला जाणारी आपल्या ज्योतिषांची मध्यरेषा थेट बीडवरून जाते! खुद्द कुरुक्षेत्र या रेषेपासून शंभरेक किलोमीटर पूर्वेला सरकलेलं आहे. परळी वैद्यनाथही ऐंशी किलोमीटर बाजूला, त्यामुळे ‘ज्योतिर्लिंगांची सरळ रेषा’ पसरवणाऱ्यांनी इकडे येऊ नये.

बीडकर मात्र भांडतात दुसऱ्याच गोष्टीसाठी. भास्कराचार्यांचं जन्मगाव विज्जडविड म्हणजे आमचं बीड, असं नावाच्या शेपटावरून म्हणणारे आहेत. आचार्य स्वतः आपलं गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असल्याचं लिहितात. भाऊ दाजींनी उजेडात आणलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याचा. त्यात आचार्यांचा नातू चांगदेव आणि आचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने काढलेला मठ यांचा उल्लेख आहे. एवढ्यावरून जन्मगावाचा निकाल लागत नसला, तरी बीडचा दावा मला लंगडाच वाटतो.

बीडने मागावं ते वेगळंच. आचार्यांच्या इ. स. 1150 च्या गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ काढायची कृती आहे: एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन गावं घ्या, त्यांच्यातलं अंतर मोजा, अक्षांशांतला फरक काढा आणि त्रैराशिक मांडा. या कृतीला बीड-उज्जैनहून चांगली जोडी शोधून सापडणार नाही. सरळ अंतर 464 किलोमीटर, फरक 4.19 अंश. 464 ला 360 ने गुणून 4.19 ने भागा. उत्तर चाळीस हजार किलोमीटरना 134च कमी. आचार्य स्वतः परीघ 4967 योजनं देतात, पण योजन नेमकं केवढं यावर पंडितांचं अजून एकमत नाही, म्हणून तो वाद सोडू.

गंमत पुढेच आहे. त्याच ग्रंथात अवंती, म्हणजे उज्जैन, विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर सांगितली आहे. खरे अक्षांश 23.18. आचार्यांचा आकडा घेऊन हेच गणित केलं, तर पृथ्वी फुगून साडेसत्तेचाळीस हजारांवर जाते. कृती निर्दोष, पण पाऊण अंशाच्याही आतली चूक केवढी महागात पडते! दोन गावं इतकी जवळ घेतली की असं होणारच.

हे पडताळायला विमान नको, बारा अंगुळांचा शंकू पुरे. विषुवदिनी मध्यान्ही त्याची सावली बीडला 4.13 अंगुळं आणि उज्जैनला 5.14 अंगुळं पडते. उज्जैनला सवाई जयसिंगाच्या वेधशाळेत शंकुयंत्र उभं आहेच. दोन्हीकडे मध्यान्ह एकाच क्षणी. बीडच्या शिक्षकांनी येत्या 21 मार्चला दुपारी 12 वाजून 34 मिनिटांच्या सुमारास मुलांना अंगणात उभं करावं आणि उज्जैनच्या एखाद्या शाळेला फोन लावावा.