उतारावर खरी परीक्षा!

दोस्तांनो, तुमची सायकल कुठं कुठं जाते? शाळेला जाते, दळण घेऊन गिरणीत जाते, वैरणीचा भारा घेऊन मळ्यातून घरी येते. हातकणंगल्याकडच्या मुलांना सायकल काही नवी नाही. पण आळत्याजवळचा रामलिंगचा डोंगर किंवा कुंभोजचा बाहुबलीचा डोंगर समोर दिसला, की मनात एक किडा वळवळतोच. सायकल घेऊन त्या पायवाटेनं जाता येईल का हो?

येईल की! जगभर लोक हेच करतात. या खेळाला 'माउंटन बायकिंग' म्हणतात. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्येही तो आला. पण गंमत ऐका. या खेळाचा जन्म झाला तो चढावर नव्हे, उतारावर. आणि तोही जुन्यापुराण्या सायकलींवर!

धूर सोडणारे ब्रेक

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मरिन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथल्या काही तरुणांनी जाड टायरांच्या, तीस-चाळीस वर्षं जुन्या सायकली गोळा केल्या. त्या डोंगरावर न्यायच्या आणि कच्च्या रस्त्यानं सुसाट खाली यायचं, हा त्यांचा नाद. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, पण तेवढ्यात सुमारे ४०० मीटर उतार! कोल्हापूर शहरापासून पन्हाळगडाची उंची साधारण तेवढीच भरते. म्हणजे बघा, किती तीव्र उतार!

त्या सायकलींना पायडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक लागायचा. घर्षणानं उष्णता निर्माण होते, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा, की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा! मग हब उघडून पुन्हा नवं ग्रीस भरायचं. पुन्हा भरणं म्हणजे इंग्रजीत 'रीपॅक'. त्या रस्त्याचं नावच 'रीपॅक' पडलं.

आणि पहिली शर्यत जिंकली कोणी? जो पडला नाही त्यानं! बाकीचे सगळे वाटेत आपटले होते.

पुढं या मंडळींतल्या जो ब्रीझनं १९७७ साली खास डोंगरासाठी नवी सायकल बनवली. गॅरी फिशरनं तर ४ मिनिटं २२ सेकंदांत रीपॅकचा उतार कापला. पण तोवर ब्रेक सुधारण्याचं महत्त्व सगळ्यांना पटलं होतं.

दात मोजून बघा

आता आपली सायकल उलटी करा आणि दातेरी चक्रांचे दात मोजा. समजा, पायडलपाशी ४४ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला २२. म्हणजे पायडलचा एक फेरा झाला, की चाकाचे दोन फेरे होणार. सपाट रस्त्यावर मजा, पण चढावर मांड्या भरून येतात. डोंगरी सायकलला पुढं ३० आणि मागंही ३० दात लावता येतात. एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. वेग कमी, पण जोर कमी लागतो. गिअरची सगळी जादू एवढीच!

चढावर गिअर नसले तर काय होईल? फार तर दम लागेल. उतरून ढकलाल. उतारावर ब्रेक नसले तर? तिथं दुसरी संधी नाही. साध्या सायकलचे रबरी ब्रेक लोखंडी रिमवर घासतात. रिम ओली झाली की ते घसरतात. म्हणून पावसात अशी सायकल घेऊन डोंगर उतरायचा नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

पन्हाळ्याच्या पलीकडं

आपल्या जिल्ह्यातली खरी आडरानातली वाट पन्हाळ्याच्या पलीकडं सुरू होते. जुलै १६६० मध्ये भर पावसात शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं गेले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे लढले. तीच ही वाट. मसाईचं पठार ओलांडून ती रानावनात, ओढ्यांत, चिखलात शिरते. इथं सायकल चालवण्यापेक्षा खांद्यावर घेण्याची पाळी जास्त!

मसाईचं पठार जांभ्या खडकाचं. त्यावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यानंतर तेवढ्या मातीत रानफुलं फुलतात. एक चाक त्यांवरून गेलं की मातीचा थर उखडतो आणि पुढं पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणून मळलेल्या वाटेवरूनच जायचं. हे पठार २०२२ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं आहे, तेव्हा आधी वनखात्याच्या लोकांना विचारूनच जावं.

निघण्याआधी

अशा वाटेवर पंक्चरचं दुकान नसतं. पंप, पंक्चरचं सामान, पाना, पाणी आणि गूळ-शेंगदाणे जवळ हवेत. डोक्याला हेल्मेट हवंच. एकट्यानं जायचं नाही. कुठं चाललोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघायचं.

उतारावर सीटवरून जरा उठा, अंग मागं घ्या. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा. पुढचा ब्रेक एकदम आवळलात तर हँडलवरून कोलांटी ठरलेली! वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नको.

आणि वाट अवघड वाटली तर? सरळ उतरा आणि चालू लागा. मित्र हसतील, हसू देत. त्यांना १९७६ च्या शर्यतीची गोष्ट सांगा. तिथं सगळ्यात जोरात येणारा जिंकला नव्हता, न पडणारा जिंकला होता.

तर मग येत्या रविवारी डोंगर राहू द्या बाजूला. आधी ब्रेकची रबरं किती झिजलीत, ते बघा!