टेम्पो घेताना टॉर्कही पाहा

टेम्पो घ्यायचा ठरला की आपण पहिले विचारतो, हॉर्सपॉवर किती? पण भिवंडीहून सुताच्या गोण्या भरून मालेगावला यायचे, तर वाटेत कसारा घाट आहे. तिथे दुसरा आकडाही लागतो, टॉर्कचा.

घट्ट बसलेला नट आपण पान्याने पिळतो, तो पिळण्याचा जोर म्हणजे टॉर्क. हा जोर मिनिटाला किती फेरे चालतो, त्यावर हॉर्सपॉवर निघते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. रुडॉल्फ डिझेल यांचे १८९७ चे इंजिन जेमतेम १८ हॉर्सपॉवरचे. पण फेरे मिनिटाला १५४ च, म्हणून टॉर्क आठशे न्यूटन-मीटरच्या घरात! डिझेलचा स्वभाव तेव्हापासून असाच, कमी फेऱ्यांत जास्त जोर.

हप्ते आपल्यालाच फेडायचे आहेत, तेव्हा माहितीपत्रकात टॉर्कपुढचा आरपीएमही वाचावा. तोच टॉर्क २८०० ऐवजी १४०० वर मिळत असेल, तर भरली गाडी चढावर सहज उचलते, गिअर कमी बदलावे लागतात. घाट किती वेगाने चढणार, हे मात्र हॉर्सपॉवरच ठरवते.