रात्रभर नाटक, वर्षभर टेन्शन!

भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत दर सीझनला नवीकोरी, गाण्यांनी भरलेली नाटकं लागतात. ना एसी थिएटर, ना बडा स्पॉन्सर. मग या नाटकांचा खर्च उचलतं कोण?

शनिवारी नाटकाला जायचं म्हणजे आपला हिशोब ठरलेला. नऊचा शो, बाराला बाहेर, मग कुठेतरी भुर्जी-पाव आणि घर! भंडाऱ्याकडे गेलात तर हा हिशोब विसरा. इथलं नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि संपतं तेव्हा बाहेर फटफटलेलं असतं. मधल्या वेळात गाणी, विनोद, रडारड, मारामारी, लावणी आणि पुन्हा गाणी. स्टेजसमोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. गाणं आवडलं तर ‘वन्स मोअर’ हक्कानं मागायचा. एका तिकिटात अख्खी रात्र. फुल्ल पैसा वसूल!

हे झाडीपट्टीचं नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतला धानाचा, तळ्यांचा, जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान कापून झाला, हातात चार पैसे आले की दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, खडी गंमत, शिंगाड्यांचे ढीग, पाहुण्यांची वर्दळ, सोयरिकीच्या गोष्टी. रात्री नाटक! पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती येतात, तेव्हाही रात्री नाटक असतंच. उन्हाळा लागेपर्यंत हा सीझन चालतो.

माझं आजोळ लाखांदूर तालुक्यातलं आणि नोकरी पुण्यात. नाटकं लहानपणापासून पाहिली, पण ती गावात येतात कशी, हे कळलं ते गेल्या दिवाळीत. मामाजींनी मला गावच्या नाट्यमंडळाच्या मीटिंगला नेऊन बसवलं.

कंपनी वडशाची, रिस्क गावाची

सिस्टीम आधी समजून घ्या. नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं वडसा. कागदोपत्री देसाईगंज. जिल्हा गडचिरोली, पण लाखांदूरहून जवळच. सीझनला वडशात कंपन्यांची ऑफिसं आणि नाटकांचे बोर्डच बोर्ड दिसतात. इथल्या या दुनियेवर २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ नावाचा मराठी सिनेमाही येऊन गेला.

कंपनीकडे नाटक असतं, नट असतात, वाजवणारे असतात. नसतो तो प्रेक्षक. तो गावचं मंडळ आणतं. मंडळ म्हणजे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि वीस-पंचवीस मेंबर. पगार कुणालाच नाही. हे मंडळ एका रात्रीचा प्रयोग ठरलेल्या रकमेला विकत घेतं, अ‍ॅडव्हान्स देतं आणि तिथून पुढे सगळं मंडळाच्या डोक्यावर. मंडप, लाइट, परवानग्या, तिकिटं, जीपवरचा भोंगा, मंडळींचं जेवण... सगळंच!

गेटवर जमलेला पैसा मंडळाचा. खर्च जाऊन उरलं तर ते गावाच्या कामाला आणि पुढच्या वर्षीच्या नाटकाला. तुटलं तर मेंबर आपसांत वाटून भरतात. म्हणजे नफा गावाचा, तोटा आपला. आपल्या ऑफिसात असलं प्रपोजल कुणी मांडलं तर लोक त्याच्याकडे कसे बघतील, विचार करा!

नवं घ्यायचं की चाललेलं?

मीटिंगमध्ये एकच मुद्दा होता. जानेवारीतल्या पटाच्या रात्री नाटक कोणतं?

“नाव आयकलेलं पायजे जी. नाही तं तिकीट कोन घेनार?” कोषाध्यक्ष काकाजी म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं. आदल्या वर्षीची तूट भरणाऱ्यांत तेही होते.

“काकाजी, मागच्या सालीबी हेच म्हनलं होतं तुमी,” कॉलेजातला एक मेंबर म्हणाला. “तशाच गोष्टीचं नाटक आनलं. लोकं अर्ध्या रातीच उठून गेले ना!”

त्याला हवं होतं त्याच सीझनला उभं राहिलेलं एक नवं नाटक. कर्जापायी जमीन विकणाऱ्या घराची गोष्ट. अर्धा तास वाद झाला. मग अध्यक्षांनी मोबाइल काढला आणि शेजारच्या गावच्या सचिवाला लावला, स्पीकरवर! त्यांच्या मंडईत ते नाटक नुकतंच होऊन गेलं होतं. पलीकडून रिपोर्ट आला, अगदी मुद्देसूद. पहिला अंक लांबतो. विनोदी नट जोरात आहे. बहिणीच्या तोंडचं गाणं ऐकून बायका रडल्या. शेवटाआधीचा डान्स उगाच घुसडलाय.

काकाजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मंग कंपनीले सांगा, पहिला अंक कापा म्हना.”

नाटक ठरलं!

एक फोन आणि न्यूयॉर्क

तो फोन ऐकताना मला न्यूयॉर्कची एक संस्था आठवली. नॅशनल अलायन्स फॉर म्युझिकल थिएटर. नफा न कमावणारी, १९८५ मध्ये सुरू झालेली. थिएटर चालवणारे आणि निर्माते तिचे मेंबर. १९८९ पासून ती नव्या म्युझिकल्सचा फेस्टिव्हल भरवते. प्रत्येक नाटकाचा साधारण ४५ मिनिटांचा तुकडा, सेटबिट काही नाही, समोर नाटकं निवडणारी मंडळी. २०१३ मध्ये ‘कम फ्रॉम अवे’ तिथे असंच सादर झालं आणि २०१७ मध्ये ब्रॉडवेवर पोचलं.

फंडा काय? नवं गाणीवालं नाटक कागदावर पारखता येत नाही. ते लोकांसमोर उभं करावं लागतं आणि तेवढ्यापुरता खर्च कुणीतरी उचलावा लागतो. तिकडे ते काम फेस्टिव्हल करतो. इकडे मंडळांची साखळी करते. फरक एवढाच, की इथे तुकडा नाही, पूर्ण नाटक असतं. समोर निर्माते नाहीत, तिकीट काढून आलेलं गाव असतं. एका गावात अडखळलेला सीन चार गावांनंतर बदललेला असतो.

या मागणीचा आवाका बघायचा असेल तर परशुराम खुणे यांचं उदाहरण घ्या. गडचिरोलीच्या या झाडीपट्टी कलावंताला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर ५००० वर प्रयोग आणि ८०० च्या घरात वेगवेगळ्या भूमिका आहेत. आठशे भूमिका! कुणीतरी सतत नवी नाटकं लिहिली, कुणीतरी सतत विकत घेतली, म्हणून हे घडलं. शहरात संगीत नाटक म्हटलं की आपण किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’पासून सुरुवात करतो आणि बहुतेक वेळा जुन्यातच रमतो. ‘संगीत देवबाभळी’सारखं नवं काही आलं की तुटून पडतो, पण असं कितीदा होतं?

सगळंच गोग्गोड आहे असं नाही हं. गेट भरावं म्हणून घुसडलेले नाच आणि द्वयर्थी विनोद इथेही आहेत. पण ते घ्यायचे की नाही, हेही मंडळच ठरवू शकतं. पैसे देणाऱ्यानं ‘हे काढा’ म्हटलं तर कंपनी ऐकते. आणि विनोदी पात्र झाडीबोलीत बोलायला लागलं की मंडप हसतोच! या बोलीसाठी साकोलीचं झाडीबोली साहित्य मंडळ काम करतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ही बोली आणि इथल्या लोककला अभ्यासून मांडल्या.

पैशाचं जमते, पोरं जमत नाहीत

मंडळांनी धक्के कमी खाल्लेले नाहीत. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट थांबले आणि पटाबरोबर येणारी रात्रीची गर्दीही गेली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली. त्याच्या मधेच २०२० चा कोरोना!

पण अध्यक्षांची खरी काळजी वेगळी होती. मीटिंग संपल्यावर चहा घेताना म्हणाले, “पैशाचं जमते जी. पोरं जमत नाहीत. कोनी पुन्याले, कोनी हैदराबादले. मंडप कोन बांधंल? गेटवर कोन उभं राहील?”

तिथे बसलेल्या आम्ही चौघा ‘बाहेरगावच्यां’नी एकमेकांकडे पाहिलं. त्याच रात्री ग्रुप तयार झाला. तूट आली तर चौथा हिस्सा आमचा, असं लिहून दिलं. तिकिटांचं डिझाइन पुण्यातून झालं आणि पटाच्या आठवड्याला तिघांनी सुट्टी टाकली.

नाटक कसं झालं? पहिला अंक कापलेला होता. बहिणीच्या गाण्याला दोनदा वन्स मोअर मिळाला. डान्स होताच, पण पुढे सरकवलेला. पहाटेपर्यंत मंडप बऱ्यापैकी भरलेला राहिला. हिशोबात फार नाही, पण उरलं. काकाजींनी ते पैसे पुढच्या नाटकाच्या अ‍ॅडव्हान्सला बाजूला ठेवले आणि कॉलेजवाल्या मेंबरला म्हणाले, “पुढच्या सालीबी नवंच पाय. पन आधी फोन लाव!”

जायचंय? मग हे वाचा

• कधी : दिवाळीनंतर मंडयांच्या काळात, नाहीतर जानेवारी-फेब्रुवारीत पटाच्या वेळी.
• कसं : नागपूरहून हायवेनं भंडारा-साकोली. ट्रेननं जाणार असाल तर गोंदिया-बल्लारशा लाइनवर वडसा स्टेशन आहे.
• काय न्याल : स्वेटर आणि जाड चादर. धानाच्या शेतावरची थंडी जबरी असते!
• काय कराल : दुसऱ्या दिवशीची मीटिंग टाळा. तिकीट काढूनच आत जा, फुकटचे पास मागू नका. आणि तुमच्याच गावात मंडळ असेल, तर या वर्षी आधी त्याच्या सचिवाला फोन लावा.